तहसीलदारांपुढे पहिली चॅप्टर केस

दादा, वकील म्हणून ही तुमची पहिली चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र (लेखी हमी) घेण्याची कारवाई. घाबरू नका. तहसीलदार इथं कार्यकारी दंडाधिकारी असतात. काम शांतता राखण्याचं, शिक्षा देण्याचं नाही. त्यामुळं अशील निर्दोष आहे यावर तासभर बोलू नका. आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १३० चा आदेश वाचा: माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम, मुदत. सारांशच नसेल तर तिथंच धरा.

माजलगावकडं धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं जास्त. ती कलम १६४ खाली, म्हणजे जमिनीच्या ताब्याच्या वादाच्या कलमाखाली, येतात; त्यात नवे वकील सातबारा नाचवतात. मालकी दिवाणी कोर्टात! इथं प्रत्यक्ष ताबा बघतात. सोयाबीन कुणी पेरलं? शेजाऱ्याचं शपथपत्र आणा. पोलीस अहवालाआधीच्या दोन महिन्यांत जबरीनं हुसकावलं असेल, तर ती तारीख ठळक मांडा.

आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची १०७, १४५ कलमं लिहू नका. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आहे. पुनरीक्षणाचं, म्हणजे आदेश वरच्या कोर्टाकडून तपासून घेण्याचं, नंतर बघू.