‘कुणाच्या घरी?’

‘मॅडम, लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या आफ्रिकन विद्यार्थ्याला हिनं विचारलं, तुमच्या घरी सिंह येतो का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.’

पुण्यात आफ्रिकेतल्या देशांतून शिकायला येणारी मुलं पुष्कळ, त्यामुळे आईबापांची ही काळजी माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. या खेपेची मुलगी सहा वर्षांची. आईनं घरी 54 देशांचा नकाशा लावला होता, राजधान्या पाठ करून घेत होती. मुलगी आठवड्यात कंटाळली.

‘आफ्रिकेत काय खातात गं?’ मी विचारलं.

‘मांस. जंगलात राहतात ना ते.’

हा उद्धटपणा नव्हे. तिला आफ्रिका भेटली ती फक्त प्राण्यांच्या पुस्तकात. आईनं दटावल्यावर ती एवढंच शिकली, की या दादाशी बोलायचं नसतं. आणि नकाशा? जिनिव्हा शहर स्वित्झर्लंडच्या आत आहे, हे तिथल्याच लहान मुलांना उमगायला जड जातं, असं बालमानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांना आढळलं होतं. मग अख्खा खंड सहा वर्षांच्या डोक्यात कसा मावणार? लहान मुलाला घर कळतं. म्हणून मी सांगते, खंड बाजूला ठेवा, तीन घरं निवडा. एका घराला तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं.

पहिलं घर घानातल्या आकान लोकांचं. तिथे जन्मवारावरून नाव मिळतं. ही मुलगी गुरुवारी जन्मलेली, म्हणून ‘या’. मुलगा असता तर ‘याव’. शुक्रवारचा मुलगा ‘कोफी’. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस, घानाचे कोफी अन्नान शुक्रवारीच जन्मले होते. हे ऐकून आजीनं तिचं पत्रिकेतलं नावरस नाव सांगितलं, आणि परकेपणा तिथेच निम्मा गळला. मग ओवारे हा खेळ. अंड्यांच्या ट्रेमधून सहा-सहा खळग्यांच्या दोन ओळी कापा, प्रत्येक खळग्यात चार चिंचोके, एकूण 48. आपल्या बाजूचा एक खळगा उचलून घड्याळाच्या उलट्या दिशेनं एकेक चिंचोका पेरायचा. शेवटचा समोरच्याच्या खळग्यात पडून तिथे दोन किंवा तीन झाले, तर ते आपले. बाकीचे नियम पहिल्या दिवशी नकोत, मूल गोंधळतं आणि खेळ टाकून देतं.

दुसरं घर इथिओपियातलं. टेफ धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून एकाच बाजूनं भाजलेली, जाळीदार आंबोळीसारखी इंजेरा. सगळे एकाच ताटात जेवतात. आपल्या माणसाला हातानं घास भरवणं म्हणजे ‘गुर्शा’. टेफ मिळालं नाही तर नाचणीची आंबोळी करा. नाचणीही मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलीच.

तिसरं टांझानियातलं, स्वाहिली बोलणारं. रंगी, दुका, किताबू, कलामू, चाय: अर्थ मुलालाच ओळखू द्या.

चूक बहुतेकदा दोन ठिकाणी होते. मुखवटे, ढोल, सिंह यांचा एकच ‘आफ्रिका दिवस’ केला, की सगळं पुन्हा एका गाठोड्यात जातं. आणि ‘सगळे आपल्यासारखेच’ म्हटलं, की मुलाचं कुतूहल विझतं. प्रत्येक घरासाठी शहराचा एक आणि खेड्याचा एक फोटो दाखवा, दोन्ही आत्ताचे.

आठव्या आठवड्यात मी तोच प्रश्न पुन्हा विचारला: ‘आफ्रिकेत काय खातात?’

ती चिंचोके मोजत होती. मान वर न करता म्हणाली, ‘कुणाच्या घरी?’

मी गप्प राहिले. आई माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत मला हवं असलेलं उत्तर नेमकं हेच होतं, हे मला त्या क्षणी कळलं. तोवर मी मुलांना किती माहिती झाली ते मोजत होते. आता मूल उलट काय विचारतं, ते ऐकते.

पुढे लिफ्टमध्ये तिनं त्याला मोडक्या हिंदीत विचारलं, ‘दादा, तुमचं गाव कोणतं?’ तो नायजेरियाचा निघाला. आई चौथं घर मागायला आली. नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा आहेत. तेव्हा मी म्हटलं, पुस्तक शोधू नका. घरी काय बोलतात ते त्यालाच विचारा, आणि त्या भाषेतला ‘ये, जेवायला बस’ त्याच्याकडून शिकून घ्या.