बाळाच्या मूत्रपिंडांत दोष दिसला, तर पाण्याची तपासणी करावी का?

पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत बाळाच्या किडन्या वेगळ्या दिसल्या, तर गर्भजलाची तपासणी (पोटातून बारीक सुईने बाळाभोवतीचे थोडे पाणी काढून केलेली) करावी का आणि तिच्यामुळे बाळालाच धोका होईल का, हा प्रश्न सांगली-मिरज परिसरातील अनेक जोडपी माझ्याकडे घेऊन येतात. एका बाजूच्या किडनीला थोडी सूज असेल आणि बाकी सर्व व्यवस्थित असेल, तर बहुधा पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवणे पुरेसे असते. तासगाव भागातील एका जोडप्याची गोष्ट मात्र वेगळी होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

विसाव्या आठवड्यात बाळाच्या दोन्ही किडन्या नेहमीपेक्षा अधिक पांढऱ्या दिसत होत्या, परंतु गर्भजल पुरेसे होते. हे चांगले लक्षण होते, कारण गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असते. सासूबाईंचा संशय ग्रहणावर होता, तर त्या ताईंना द्राक्षबागेतील औषधफवारणीची धास्ती वाटत होती. मी दोन्ही घराण्यांची माहिती विचारत गेले, तेव्हा अंगाने सडपातळ असूनही पतीला सव्विसाव्या वर्षीच मधुमेह झाल्याचे समजले. त्यांची सोनोग्राफी केल्यावर त्यांच्याही किडन्यांत लहान गाठी आढळल्या.

मी त्यांना सांगितले की, अनुभवी हातांनी केलेल्या गर्भजलाच्या तपासणीत गर्भपाताचा धोका साधारण 0.5 टक्के किंवा त्याहूनही कमी असतो, आणि आईच्या रक्तावरील नेहमीची चाचणी असे दोष सहसा दाखवत नाही. त्यांनी ती करून घेतली. त्या पाण्यावरील मायक्रोअरे तपासणीत (गुणसूत्रांचे बारीक तुकडे कमी-जास्त आहेत का, हे पाहणाऱ्या) बाळाच्या 17 व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला आढळला, ज्यात किडनी आणि स्वादुपिंडाच्या घडणीला लागणारे एचएनएफ1बी हे जनुक असते. वडिलांच्या रक्तातही तेच निघाले. अशा वेळी प्रत्येक गरोदरपणात हा बदल बाळाकडे जाण्याची शक्यता 50 टक्के असते. त्या ताईंच्या खाण्यापिण्याचा, फवारणीचा किंवा ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नव्हता, हे मी सासूबाईंच्या समोर मुद्दाम पुन्हा सांगितले. घरातला दोष सुनेच्या माथी मारण्याची घाई मला फार अस्वस्थ करते.

पुढचे बोलणे अवघड होते. एकाच घरातही या बदलाचे परिणाम कमी-अधिक असतात. काहींच्या किडन्या आयुष्यभर बऱ्यापैकी काम करतात, काहींना पुढे मधुमेह होतो, तर काही मुलांच्या वाढीत आणि शिकण्यात अडचणी येतात. गर्भात गंभीर दोष असल्यास 24 आठवड्यांनंतरचा गर्भपात वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनेच करता येतो, हेही मी सांगितले, कारण निर्णय त्यांचा होता. 1994 च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास मनाई असल्याने अहवालात त्याचा उल्लेख नव्हता.

त्यांनी गरोदरपण पुढे नेले. बाळाची किडनी आणि या बदलामुळे कमी होऊ शकणारे रक्तातील मॅग्नेशियम यांवर लक्ष ठेवता येईल अशा ठिकाणी प्रसूती ठरली, आणि मधुमेहाच्या गोळ्यांवरच थांबलेल्या त्या वडिलांनी प्रथमच किडनीतज्ज्ञांची वेळ घेतली.