सही करण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगचे क्लब नवे खेळाडू निवडतात त्यात, तुझे नाव आल्याचे तुझ्या आईने फोनवर सांगितले, तेव्हा तिच्या आवाजातल्या आनंदाइतकीच मला तिची धास्तीही जाणवली. खेळाडूंच्या राहण्याची सोय 2022 पासून क्लब करू लागले. त्यापूर्वी अनेक उन्हाळे आमच्या गावच्या मायनर लीग संघातली, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवर खेळणारी, मुले आमच्या घरी राहत असत, म्हणून हे लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी मानतो.

मेजर लीग ही अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च लीग; तिच्या 30 संघांचे मिळून मायनर लीगमध्ये 120 संलग्न संघ आहेत. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या, आणि त्यांच्याही खाली नवख्यांची रुकी लीग. मंगळवार ते रविवार सामने आणि सोमवारी सुट्टी, पण ती सुट्टी पुष्कळदा बसच्या प्रवासातच संपते. 2023 मध्ये खेळाडूंच्या संघटनेने मायनर लीगच्या खेळाडूंसाठी पहिला सामूहिक करार केला आणि सिंगल-एमधले किमान वार्षिक वेतन सुमारे 11,000 डॉलरवरून 26,200 डॉलरवर गेले. ट्रिपल-एमध्ये ते 35,800 झाले, तर त्याच वर्षी मेजर लीगमधले किमान वेतन 7,20,000 डॉलर होते. शेवटच्या पायरीवरची ही उडी एवढी मोठी असल्यामुळेच माणसे तिच्या आशेवर तारुण्याची दहा-दहा वर्षे घालवतात.

माइक हेसमनचे उदाहरण मला फार जवळचे वाटते. अमेरिकेतल्या मायनर लीगमध्ये त्याने 433 होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले, हा तिथला विक्रम आहे. मेजर लीगमध्ये मात्र त्याच्या नावावर 14 आहेत. त्याला कोणी अपयशी म्हटले की मला राग येतो. एवढी वर्षे रोज संध्याकाळी तयार होऊन मैदानात उतरणे ही साधी गोष्ट नव्हे.

मात्र सगळ्यांना तेवढी वर्षे मिळत नाहीत. आमच्याकडे राहणारा एक डावखुरा पिचर चांगली गोलंदाजी करत असतानाच एका दुपारी रिलीज झाला, म्हणजे क्लबने त्याला काढून टाकले. दोन मिनिटांचे बोलणे झाले आणि संध्याकाळी तो सामान बांधत होता. ज्याच्यावर क्लबने करारावर सही करतानाच मोठा साइनिंग बोनस खर्च केला आहे, त्याला चुका सुधारायला वेळ मिळतो. उशिराच्या फेरीत निवडलेल्याला तो क्वचितच मिळतो, आणि तू उशिराच्या फेरीतला आहेस. हे कटू आहे, पण ते तुला माझ्याकडून कळावे, क्लबच्या कचेरीत नव्हे. त्या मुलाच्या करारात शिक्षणाच्या खर्चाची तरतूद नव्हती, कारण सही करताना ती मागायची असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून बोनसच्या आकड्याबरोबरच, पुढे कॉलेजमध्ये शिकायचे झाल्यास त्याचा खर्च क्लब देईल, हे पहिल्याच करारात लिहून घे. खेळ सोडल्यानंतर किती काळात शिक्षण सुरू करावे लागेल, याची अटही नीट वाच. ही मागणी केली म्हणजे स्वतःच्या खेळावर विश्वास नाही, असा अर्थ कोणी काढला तर काढू दे. आणि खांदा किंवा कोपर दुखू लागले तर, जागा जाईल या भीतीने, ते प्रशिक्षकांपासून लपवू नकोस.

कराराचा मसुदा हाती आला की मला पाठव. आपण दोघे तो ओळीओळीने वाचू, आणि आईलाही सोबत बसवू.

तुझा,
काका