यांगोनला यावं का? एम्बसी काय सांगते आणि काय करते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरच्या डाळमिलवाल्यांच्या ओळखीतून यांगोनमधल्या उडीद-तूर निर्यातीच्या कंपनीत नोकरी चालून आलीय. बायको आणि चार वर्षांच्या मुलीला सोबत आणायचंय. अमेरिकेची ॲडव्हायझरी 'म्यानमारला जाऊच नका' म्हणते, आपल्या एम्बसीची भाषा त्यामानानं शांत. मग खरं कोणाचं धरायचं?

दोन्ही खरं धरा, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी सांगतायत. मी लष्करानं सत्ता घेतली त्याच्या आधीपासून इथे आहे, याच धंद्यात. एम्बसीचे कागद कसे वाचायचे ते इथे राहूनच कळत गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१ फेब्रुवारी २०२१ला नवी, निवडून आलेली संसद राजधानी नेपिडोमध्ये बसायची होती. त्याच पहाटे आंग सान सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट यांना लष्करानं उचललं. पण त्याच्या तीन दिवस आधी, २९ जानेवारीला, अमेरिका, ब्रिटन, युरोपियन युनियन आणि इतर काही एम्बस्यांनी मिळून पत्रक काढलं होतं: निवडणुकीचा निकाल फिरवायचा कुठलाही प्रयत्न आम्हाला मान्य नाही. वरवर पाहिलं तर गुळगुळीत वाक्य. पण एवढ्या देशांनी एकत्र बसून एकाच कागदावर सही करणं म्हणजे त्यांच्या भाषेत बोंब मारणंच. यांगोनमधल्या बायिन्नाउंगच्या घाऊक बाजारात तेव्हा सगळे उडदाच्या नव्या पिकाचे भाव काढत बसले होते.

मग १४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी शहरात चिलखती गाड्या दिसायला लागल्या आणि अमेरिकन एम्बसीनं आपल्या नागरिकांना कळवलं: लष्कराच्या हालचाली दिसतायत, घरातच थांबा, रात्री १ ते सकाळी ९ फोन-इंटरनेट बंद होण्याची शक्यता आहे. रात्री एकला खरंच बंद झालं. वेळेसकट! तेव्हापासून माझा नियम ठरला: ज्या सूचनेत तास, रस्ता किंवा टाउनशिपचं (इथला तालुका-वॉर्डासारखा विभाग) नाव असतं ती लगेच पाळायची. 'परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत' हे नुसतं वाचून सोडायचं.

आपल्या एम्बसीनं काय सांगितलं? काळजी घ्या, विनाकारण प्रवास टाळा, गरज पडली तर संपर्क करा. आमच्या मराठी ग्रुपवर त्यावरून बरीच चेष्टा झाली. पण भारताचा हिशोबच वेगळा आहे. १,६४३ किलोमीटरची सीमा, ईशान्येतल्या अतिरेकी गटांचे पलीकडचे तळ, भारतानं बांधलेलं सित्तवे बंदर आणि तिथून मिझोरमपर्यंत जाणारा कलादान वाहतूक प्रकल्प. आणि हो, डाळ. जून २०२१मध्ये, म्हणजे सत्तापालटाला चार-पाच महिने होतात न होतात तोच, भारतानं दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर इथून घ्यायचा करार केला. तुमच्या नोकरीचं मूळ तिथे आहे. अकोल्या-लातूरला जी 'लेमन तूर' म्हणून विकली जाते ती इथलीच.

या हिशोबाची दुसरी बाजूही सांगते. २७ मार्च २०२१ला नेपिडोत लष्कर दिनाचं संचलन झालं. रशिया, चीन, पाकिस्तान आणि आणखी काही देशांच्या प्रतिनिधींबरोबर आपलाही प्रतिनिधी तिथे होता. त्याच दिवशी देशभर शंभरावर माणसं गोळ्यांनी मेली. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण लष्कराशी बोलणं चालू असलेली एम्बसी अडकलेल्या माणसासाठी दार ठोठावू शकते, हेही तितकंच खरं. पाश्चात्त्य देशांपैकी बऱ्याच जणांनी इथे पूर्ण दर्जाचा राजदूत ठेवलेला नाही, कारण राजदूतानं आपलं अधिकारपत्र ज्यानं सत्ता घेतली त्याच जनरलपुढे द्यायचं असतं. त्यांनी तत्त्व राखलं, त्याबदल्यात दरवाजे कमी झाले.

एम्बस्या नजर कशी ठेवतात हे माहीत असेल तर त्यांच्याकडून किती अपेक्षा धरायची ते कळतं. सरकार नेपिडोत, एम्बस्या यांगोनमध्ये, मध्ये पावणेचारशे किलोमीटर. रस्त्यावरचं त्यांना दिसतं, जनरलांच्या मनातलं नाही. लष्कराकडे बघायला डिफेन्स अताशे, म्हणजे एम्बसीतला लष्करी अधिकारी, असतो. आपले माजी लष्करप्रमुख, पुण्याचे जनरल नरवणे, पूर्वी इथेच त्या पदावर होते. बाकी काम राजकीय विभागाचे अधिकारी आणि बर्मी कर्मचारी करतात: सरकारी वर्तमानपत्रातले आदेश वाचायचे, पक्षांच्या लोकांना भेटायचं, कोणता रस्ता बंद आहे, बँकेपुढे रांग किती, हे टिपायचं. त्यातलं बहुतेक दिल्लीला जातं. तुमच्या-माझ्यापर्यंत येतं ते गाळून, आणि कोणी दुखावणार नाही अशा शब्दांत.

म्हणून एम्बसी बोलते काय यापेक्षा तिची माणसं कुठे हलतात ते बघा. अमेरिकेनं १४ फेब्रुवारीला आपल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना जायची मुभा दिली आणि ३० मार्चला जाण्याचा हुकूम. मुभा आणि हुकूम यांत सहा आठवडे गेले. कुटुंब असलेल्या माणसानं मुभेलाच बॅग भरावी. मध्ये १२ मार्चला ब्रिटननंही आपल्या लोकांना निघायला सांगितलं, पण कोविडमुळे नियमित विमानं बंद होती, मोजकी रिलीफ फ्लाइट्स होती. आपल्याकडचं उदाहरण राखाइनचं, म्हणजे सित्तवे ज्या राज्यात आहे त्याचं. फेब्रुवारी २०२४मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं की तिथे जाऊ नका, असाल तर ताबडतोब निघा. एप्रिलपर्यंत सित्तवेच्या वाणिज्य दूतावासातली माणसं यांगोनला हलवल्याचं जाहीर झालं. मंडालेचं कार्यालय मात्र चालूच राहिलं. यावरून देश नकाशावर कसा वाटला गेलाय ते कळतं.

यांगोन आज तुम्हाला बऱ्यापैकी शांत वाटेल. २०२१मध्ये रोज रात्री आठला गॅलऱ्यांतून भांडी वाजायची. घरातली पीडा बाहेर हाकलायची इथली जुनी रीत आहे ती. आपण आदल्याच वर्षी कोरोनासाठी थाळ्या वाजवल्या होत्या, त्यामुळे पहिल्या रात्री मी नुसतीच हसले. समोरच्या इमारतीतली एक म्हातारी तव्यावर उलथनं आपटत होती. उलथन्याचा दांडा निसटून खाली रस्त्यावर पडला, तर खालून एका पोरानं तो वर आणून दिला आणि ती पुन्हा सुरू. आता तसं काही ऐकू येत नाही. डिसेंबर २०२५पासून टप्प्याटप्प्यानं मतदान झालं, पण कितीतरी टाउनशिपमध्ये ते घेताच आलं नाही. लढाई शहराबाहेर चालू आहे आणि शहरात लोक गप्प आहेत.

पैशांचं आधी पक्कं करा. सत्तापालटानंतर बँक, कस्टम, बंदरातले लोक संपावर गेले आणि आमचे कंटेनर तसेच पडून राहिले. एटीएमपुढे लोक पहाटे येऊन नंबर लावायचे. एप्रिल २०२२मध्ये खात्यातले डॉलर चॅटमध्ये (इथलं चलन) बदलायची सक्ती आली. सरकारी दर डॉलरला २,१००वर बांधलेला, बाजारात तो कधीच चार हजारांच्या वर गेला. पगार चॅटमध्ये, सरकारी दरानं देतो म्हणाले तर निम्मा पगार गेला समजा. रुपयांत, भारतातल्या खात्यात जमा करा म्हणून अडून बसा. २०२४पासून पंजाब नॅशनल बँकेच्या मार्फत रुपया-चॅट व्यवहार चालू झालाय, त्यामुळे डाळीच्या कंपनीला 'शक्यच नाही' म्हणता येणार नाही.

मुक्कामाला पाहुणा आला तर वॉर्ड ऑफिसला कळवावं लागतं, आणि रात्री तपासणी होते. फोन बघतात. फेसबुकवर इथल्या राजकारणाबद्दल चकार शब्द नको, मराठीतसुद्धा नको. व्हीपीएनवर २०२५च्या सायबर कायद्यानं बंधनं आणलीत, ते कंपनीला विचारूनच.

नोकरीच्या पत्रात 'आधी बँकॉकला या, तिथून नेतो' असं असेल, किंवा थायलंडच्या सीमेवरच्या माए सोट-म्यावाडीचं नाव असेल, तर तिथेच थांबा. डेटा एंट्रीच्या नावाखाली आपली पोरं त्या सीमेवरच्या घोटाळ्याच्या अड्ड्यांत अडकलीत आणि मंत्रालय २०२२पासून त्याबद्दल सांगतंय. कंपनीचं नाव एम्बसीला ईमेल करून खात्री करून घ्या. आल्या आठवड्यातच मर्चंट स्ट्रीटवरच्या आपल्या एम्बसीत नोंदणी करा. ती नसेल तर कोणाला शोधायचं हेच त्यांना माहीत नसतं.

माझं मत विचाराल तर तुम्ही आधी एकटे या. एक पावसाळा काढा. विजेचं वेळापत्रक, मुलीची शाळा, डॉक्टर हे स्वतः बघा आणि मग दोघींना आणा. तिघांची बँकॉक किंवा कोलकात्यामार्गे परतीची, तारीख बदलता येणारी तिकिटं कंपनीकडून लेखी मागून घ्या. आणि घर कुठल्या टाउनशिपमध्ये देतायत ते मला कळवा. हलाईंगथाया म्हणाले असतील तर आत्ताच नाही म्हणा. मार्च २०२१मध्ये तिथे कारखाने जळले आणि मार्शल लॉ लागला होता. बहान किंवा कमायुत असेल तर पुढचं बोलू.