घर आणि हात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मला ठशांच्या छपाईचं फार वेड आहे. बैठकीच्या एका भिंतीवर लाकडी ठशानेच नक्षी उठवावी म्हणते. जमेल का?

उत्तर : भिंतीवर नको, असं मी आग्रहाने सांगेन. छिप्यांचं, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्या कारागिरांचं, टेबल पाहिलंत तर कारण कळेल. त्यावर जाड कापडाचे थर पसरलेले असतात. ठसा त्यात किंचित दबतो म्हणून रेघ पूर्ण उमटते. भिंत दबत नाही, नक्षी तुटक येते. त्यापेक्षा छापलेलं कापडच लाकडी चौकटीवर ताणून भिंतीवर लावा. खरा रंग, खरा पोत मिळेल.

कापड कुठलं, हे उजेडावर ठरवा. खोली अंधारी असेल तर जयपूरजवळच्या सांगानेरचं सांगानेरी : पांढऱ्या जमिनीवर, म्हणजे कापडाच्या मूळ रंगावर, नाजूक बुट्टे. उजेड भरपूर असेल तर जयपूरजवळच्याच बगरू गावचं बगरू घ्या. हिरड्यात भिजवल्याने त्याची जमीन पिवळसर होते. गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेला काळा, तुरटीच्या साहाय्याने येणारा लाल. जुन्या सागवानी फर्निचरशेजारी हा काळा-लाल मला सर्वांत आवडतो. कच्छचा अजरख हा छापील कापडाचा प्रकार मात्र भरगच्च असतो, एखाद्या लोडापुरताच ठेवा. आणि नैसर्गिक रंग थेट उन्हात विटतात, तेव्हा चौकट खिडकीसमोर नको.

घेताना ठशांचे सांधे बघा. कुठे रेघ केसभर सरकलेली दिसली, तर ते कापड आनंदाने घ्या. ती हाताची खूण आहे.