मल्टीजिम हप्त्यावर घेऊ की एफडी मोडून?

पत्र थोडक्यात असं: वय ३४, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. स्ट्रेंथ ट्रेनिंग सुरू करायचंय पण जिमला महिन्यातून चारेक वेळाच जाणं होतं, म्हणून घरीच मल्टीजिम (सगळे व्यायाम एकाच मशीनवर) घ्यायचीय, किंमत दीड पगार. नो कॉस्ट, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या ईएमआयचे बारा हप्ते पाडू की एफडीतून रोख देऊ, जिमची फी वाचेल आणि मशीन घरात असलं की व्यायाम आपोआप होईल. आणि शेवटी जाता जाता, "क्रेडिट कार्डाचे थोडे बाकी आहेत पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) वेळेवर भरतो, बोनस आला की क्लिअर करणार. सेव्हिंगला पॉलिसी आहेच, वीस वर्षांनी भरलेल्याच्या दीडपट मिळणार."

नमस्कार. तुमचा महिन्याचा पगार १०० धरतो, हिशोब सोपा जाईल. मशीन १५०, एफडी २००, कार्डाची बाकी ८०, पॉलिसीचा हप्ता महिन्याला १०.

मशीन घेऊ नका, हप्त्यावरही नाही आणि रोखही नाही. जिमची फी ३ लिहिलीय तुम्ही, म्हणजे १५० वसूल व्हायला ५० महिने, चार वर्षांच्या वर, तेही रोज वापरलीत तर. नो कॉस्टचं म्हणाल तर रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती बहुतेक वेळा तुम्हाला मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी असते, व्याज कुठेतरी वसूल होतंच. आणि व्यायाम आपोआप होईल ही आशा तर सोडूनच द्या, महिन्यातून चारदा जाणाऱ्याची अडचण वेळेची आहे, मशीनची नाही.

सुरुवातीला इतकं वजन लागतही नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः नसा आणि स्नायूंचा ताळमेळ सुधारतो म्हणून, स्नायू भरायला नंतर सुरुवात होते. बजेट १० ठेवा, त्यात रेझिस्टन्स बँड आणि झेपतील तसे डंबेल बसवा. खुर्चीवर बसून उठायचं तसे स्क्वॉट, हात जड टेबलावर ठेवून पुश-अप, बँड पोटाकडे ओढत रोइंग, सॅकमध्ये पुस्तकं भरून ती हातात धरून कंबरेतून वाकायचं पण पाठ सरळ ठेवून, आणि प्लँक, म्हणजे कोपरांवर टेकून अंग सरळ धरून ठेवायचं. ८ ते १२ वेळा, दोन-तीन सेट, अजून दोन निघाले असते असं वाटलं की थांबायचं. बारा आरामात जमायला लागले की वजन वाढवा किंवा टेबलाऐवजी ठेंगणं स्टूल घ्या, भिंतीला टेकवून. बँडला बारीक चिरा पडल्यात का ते वापरण्याआधी ताणून बघा, तुटला तर थेट तोंडावर येतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस बास, डब्ल्यूएचओच्या २०२० च्या गाइडलाइन्सही मोठ्या माणसांना किमान दोनच दिवस सांगतात. हे सहा महिने टिकलं तर मशीनचं बोलू.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते.

कार्ड. व्याज महिन्याला ३ टक्के, म्हणजे ८० वर २.४. तुम्ही ४ भरता, त्यातले २.४ व्याजातच गेले, बाकी उतरली फक्त १.६ ने. शिवाय बाकी असताना नवीन स्वाइप केलं की त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, ते महिनाभर फुकट वापरायचे दिवस तुम्हाला मिळतच नाहीयेत. वेळेवर भरतोय म्हणून सगळं नीट आहे असं तुम्हाला वाटतंय, पण मिनिमम ड्यू भरल्याने फक्त लेट फी टळते, व्याज टळत नाही. असं वर्षभर चाललं तर २५ च्या आसपास व्याज, म्हणजे पाव पगार, आणि त्याच वेळी एफडीतले ८० वर्षाला जेमतेम ५-६ कमावतायत!

तर या आठवड्यात एफडी मोडा, मशीनसाठी नाही, कार्डासाठी. ८० भरून टाका, मुदतीआधी मोडल्याचा दंड लागेल तो लागू द्या, १२० उरतात. मशीनचा हप्ता १२.५ देणारच होतात, कार्डाचे ४ सुटले, हे साडेसोळा दर महिन्याला परत ठेवीत टाका, पाच महिन्यांत २०० पुन्हा उभे. तिथे थांबू नका, पगार अचानक थांबला तरी घर चालवायचं असेल तर पाच-सहा पगार बाजूला हवेत. कार्डाचं ऑटोपे 'फुल अमाउंट'वर करा, आत्ता नक्की 'मिनिमम'वर असणार. बोनसची वाट बघू नका, तो मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याला २.४ जातायत.

आणि पॉलिसी. वीस वर्षं भरायचे २४००, मिळणार ३६००. दीडपट ऐकायला छान वाटतं, पण वर्षाला ते चार टक्क्यांच्याही जरा खालीच पडतं. हा आकडा विकणाऱ्याने सांगितला नाही कारण सांगितला असता तर तुम्ही सही केली नसती. त्याहून वाईट म्हणजे कव्हर फक्त २४००, तुमचं काही बरंवाईट झालं तर मायलेकींना दोन वर्षं पुरेल इतकं. किमान दहा वर्षांचा पगार, १२००० चं कव्हर हवं, आणि ते साध्या टर्म इन्शुरन्सने मिळतं, ज्यात शेवटी परत काही मिळत नाही आणि म्हणूनच ते स्वस्त असतं. आधी टर्म घ्या, ती पॉलिसी हातात आली की मगच जुन्याला हात लावा.

जुनी बंद करायची का हे मी आत्ता सांगणार नाही. पाच वर्षांत भरलेले ६०० विसरा, पुढचंच बघायचं. आज सोडली तर अर्धे, ३०० मिळत असतील, तर चालू ठेवल्यावर पुढच्या पंधरा वर्षांचा परतावा वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे डोळे झाकून बंद करण्याइतकी वाईट नाही. कमी मिळत असतील तर चालू ठेवण्याकडे आणखी कल. सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज सोडली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली तर किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा, एजंटकडून तोंडी नको, आणि मला पाठवा.