घुबड दिसल्यावर छोटे पक्षी पळून का जात नाहीत?

तुमचा प्रश्न आहे की, घुबड दिसल्यावर लहान पक्षी उडून जायचं सोडून त्याच्याभोवती गोळा का होतात, आणि हे त्यांना उपजतच येतं की ते शिकतात?

घुबडाची सारी भिस्त बेसावध भक्ष्यावर झडप घालण्यावर असते. एकदा ते दिसलं की ती संधी गेली. मग कलकलाट करून त्याला तिथून हुसकावणंच बरं, विशेषतः जवळ पिल्लं असतील तर. यात धोका नाही असं मात्र नाही. एखादा पक्षी पकडलाही जातो.

मी एकदा दाट फांद्यांत बसलेला पिंगळा पाहिला, तोही बुलबुलांच्या आरड्याओरड्यामुळे. पाठोपाठ सातभाई आले, मग शिंपी. अंगठ्याएवढा तो शिंपी, शेपटी उभारून पिंगळ्यापासून हातभर अंतरावर ओरडत होता, पण कायम त्याच्या पाठीमागे राहून. पिंगळ्याने मान वळवली की हा फांदी बदलायचा. शेवटी पिंगळाच कंटाळून उडाला.

हा आवाज कर्कश, तुटक आणि पुन्हापुन्हा येणारा असतो. कुठून येतोय ते लगेच कळतं, म्हणून इतर जातींचे पक्षीही धावून येतात. शिकारी पक्षी हवेत झेपावत असेल तर अनेक छोटे पक्षी याच्या अगदी उलट करतात. ७-८ किलोहर्ट्झची एक बारीक, लांब शिट्टी, आणि सगळे जागच्या जागी चिडीचूप. तिची सुरुवात आणि शेवट इतका हळुवार असतो की ती नेमकी कुठून आली हे शिकाऱ्याला उमगत नाही. पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी हा फरक १९५५ मध्ये मांडला. मला आजही त्याचं नवल वाटतं: एक हाक 'या' म्हणते, दुसरी 'लपा', आणि दोन्हींची घडण कामाला साजेशी.

उत्तर अमेरिकेतला चिकडी नावाचा छोटा पक्षी तर शिकारी किती घातक तेही सांगतो. त्याच्या हाकेच्या शेवटी 'डी-डी' येतं. छोट्या, चपळ घुबडासाठी 'डी' जास्त, मोठ्या घुबडासाठी कमी. कारण मोठ्याला एवढासा पक्षी सहसा सापडत नाही.

आता उपजत की शिकलेलं? दोन्ही. प्राणिशास्त्रज्ञ एबरहार्ड कुरिओ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये काळ्या कस्तुरांवर प्रयोग केला. समोरासमोर दोन पक्षी. एकाला घुबड दिसत होतं, तर दुसऱ्याला त्याच जागी एक निरुपद्रवी पक्षी. पहिला घुबडावर ओरडला, दुसऱ्याला वाटलं तो या पक्ष्यावरच ओरडतोय. मग तोही त्या गरीब पक्ष्यावर ओरडू लागला, आणि ही शिकवण एकाकडून दुसऱ्याकडे अशी सहा पक्ष्यांपर्यंत पोचली. प्लास्टिकच्या बाटलीलाही शत्रू मानायला ते असेच शिकले.